सन्मान तालुका वार्ताहरांपर्यंत पोहोचावा

पत्रकार दिनी आपल्या तालुक्यातील ज्येष्ठ पत्रकारांचा जाहीर गौरव करावा, ही सूचना मला मनापासून पटते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' हे मराठीतले पहिले वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले आणि त्याच तारखेला पत्रकार दिन असतो, तेव्हा दिवसही योग्यच आहे. मात्र निवड कोणत्या कागदांवर करणार, हे आधी ठरवायला हवे. जांभेकरांच्याच नावाची शासनाची सन्मान योजना ज्येष्ठ पत्रकारांना दरमहा अर्थसाहाय्य देते, पण तिथेही प्रदीर्घ अनुभवाचे पुरावे लागतात. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर, जाहिराती गोळा करत, बातमीचे पाकीट संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी रवाना केले, अशा कित्येकांना नियुक्तिपत्र कधी मिळालेच नाही. बातमी छापून यायची तीही 'वार्ताहराकडून' एवढ्याच उल्लेखाने, नावाविना. म्हणून जपून ठेवलेली कात्रणे, मानधनाच्या पावत्या आणि गावच्या वाचनालयातील जुने अंक हेच पुरावे म्हणून ग्राह्य धरावेत, असे मी आग्रहाने सुचवतो.

समारंभात पुढाऱ्यांची भाषणे आवरती घेऊन सत्कारमूर्तींच्या एक-दोन बातम्या वाचून दाखवाव्यात. रेशन दुकानातील गैरव्यवहाराची चार ओळींची बातमी त्याच गावात राहून लिहिणे किती अवघड असते, हे तेव्हाच कळेल. मरणोत्तर सन्मानाचीही तरतूद असावी. कोकणातल्या प्रस्तावित तेल रिफायनरीच्या वादावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडले गेले आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. अशा पत्रकारांच्या कुटुंबीयांना पहिल्याच वर्षी व्यासपीठावर मानाने बोलवावे.