सिस्टिमची मुख्य लायब्ररी स्वतः कंपाइल करून बदलणे : तुमचे अनुभव लिहा

उघडं_शेल
आज टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "सर, प्रोग्रॅम म्हणतोय ग्लिबसी २.३४ सापडत नाही. सोर्स आणून कंपाइल करते आणि जुन्याच्या जागी टाकते, चालेल ना?" मी "थांब!" म्हणालो आणि जुन्या नोकरीतला एक सर्व्हर आठवला. (ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मुख्य सी लायब्ररी, जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला ती लागते. लिबसी ही तिचीच मुख्य फाइल.)

तिथे कुणीतरी लिबसी.एसओ.६ ची सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) काढून नवी लावायला गेलं होतं. काढायची कमांड चालली, लावायची चालेना. कारण लिंक लावणाऱ्या 'एलएन'लाही लिबसीच लागते. एलएस, सीपी, सुडो, सगळं ठप्प. नशिबाने एक रूट शेल (सगळे अधिकार असलेली कमांडची खिडकी) उघडं होतं. फोनवर पहिलं वाक्य हेच बोललो, की ती खिडकी बंद करू नका. इको आणि सीडी शेलच्या पोटातच असतात, त्यामुळे चालत होते. 'इको *' देऊन फोल्डरमधल्या फाइली बघितल्या, तर लिबसी-२.१७.एसओ जागेवरच होती. गेलं होतं ते फक्त नाव. मग एलडी_प्रीलोड या व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमआधी कोणती लायब्ररी चढवायची ते सांगणारं) त्या फाइलचा पूर्ण पाथ देऊन त्याच ओळीत एलएन चालवलं. लिंक परत आली, मशीन बोलायला लागलं. रीबूट केलं असतं तर बूटच झालं नसतं.

तुमच्याकडचे किस्से लिहा. तिला हाच धागा वाचायला देणार आहे.

रात्रपाळी
एसएलएन नावाचं एक छोटं टूल ग्लिबसीच्या सोर्समध्येच आहे. स्टॅटिक, म्हणजे कुठल्याही लायब्ररीविना चालतं, आणि फक्त सिमलिंक करतं. नेमकं याच प्रसंगासाठी. सगळ्या डिस्ट्रो (लिनक्सची वेगवेगळी वितरणं) ते देत नाहीत, म्हणून हात लावायच्या आधी स्टॅटिक बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांड एकाच फाइलमध्ये) ठेवायचा आणि चालवून बघायचा. दुसरं रूट शेलही आधीच उघडायचं.

सावली२
वाचतेय. बाळ उठलं, नंतर लिहिते.

जुना_गडी
एलडी_प्रीलोडचं वाचून बरं वाटलं. फ्रीबीएसडीत /रेस्क्यू फोल्डरमध्ये सगळी गरजेची टूल्स स्टॅटिक असतात. सोलारिसमध्येही /एसबिनमधलं शेल स्टॅटिक असायचं, १० पासून ते गेलं. इथे कुणी सोलारिसवर काम केलंय का?

रात्रपाळी
@जुना_गडी केलंय काका! स्पार्क मशीन होती. पंख्यांच्या आवाजात फोनवरचं काही ऐकू यायचं नाही.

जुना_गडी
अहो, आमच्याकडे तर कानात बोळे घालून बसायचो. व्यनि करतो.

बिल्डवाली
त्या मुलीसाठी लिहिते. ग्लिबसी म्हणजे एक फाइल नाही. लिबसी आणि लोडर (एलडी-लिनक्स, प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा) ही जोडी एकाच बिल्डची लागते. लोडरचा पाथ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये कोरलेला असतो. म्हणून नवी लिबसी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायची ते) एक्स्पोर्ट केला, की जुना लोडर नवी लिबसी उचलतो आणि त्या शेलमधून साधं एलएससुद्धा कोसळतं. तिथे घाबरायचं नाही, अनसेट करायचं. अनसेट शेलचंच आहे, ते चालतं.

नीट रस्ता : बिल्ड फोल्डर सोर्सच्या बाहेर, प्रीफिक्स (इन्स्टॉल व्हायची जागा) /ऑप्टखाली स्वतंत्र. (प्रीफिक्स न देता कॉन्फिगर केलंत तर ते /यूएसआर/लोकल धरतं आणि लिनक्सवर स्वतःच अडवतं. ती अडवणूक बंद करायचा पर्याय आहे, तो वापरू नका.) मेक चेक (बिल्डच्या चाचण्या) चालवायचं. मग नव्या लोडरला पूर्ण पाथने हाक मारून त्याच्यापुढे आपला प्रोग्रॅम द्यायचा, किंवा पॅचएल्फ या टूलने त्या एकाच प्रोग्रॅमचा लोडर आणि आरपाथ (लायब्ररी शोधायची जागा) बदलायचा. सिस्टिमची लिबसी तशीच राहते.

मोबाइलवरून
सीपी (कॉपी) आणि एमव्ही (नाव बदलणं) यांचा फरक कुणीच लिहिला नाही!! चालू लायब्ररीवर सीपी केलं की त्याच आयनोडमध्ये (नावामागच्या खऱ्या फाइलमध्ये) नवे बाइट पडतात. चालणाऱ्या प्रोसेसेसनी तीच फाइल मेमरीत मॅप केलेली असते, त्या जागच्या जागी मरतात. म्हणून नवी फाइल त्याच फाइलसिस्टिमवर दुसऱ्या नावाने आणायची आणि एमव्हीने नाव बदलायचं. मधे एकही क्षण नाव गायब नसतं, आणि जुन्या प्रोसेसेस जुन्या आयनोडवर सुखाने चालत राहतात. सिमलिंकचंही तेच, तात्पुरत्या नावाने करा आणि एमव्ही -टी.

पहारा
वरच्यातलं "सुखाने चालत राहतात" हेच आम्हाला एप्रिल २०१४ मध्ये भोवलं असतं. हार्टब्लीड. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.०.१ ते १.०.१एफ सगळ्यांत छिद्र, १.०.१जी मध्ये दुरुस्ती. डिस्ट्रोने दुरुस्ती मागच्या आवृत्तीत घातली, पण नंबर १.०.१ई असाच दिसत राहिला. म्हणून एका सहकाऱ्याने १.०.१जी स्वतः कंपाइल करून /यूएसआर/लोकलमध्ये टाकली. कमांडला आवृत्ती विचारली की छान "जी" यायचं. वेबसर्व्हर मात्र डिस्ट्रोच्याच लायब्ररीवर, आणि पॅकेज अपडेट झाल्यावरही रीस्टार्ट न केलेला. एलएसओएफमध्ये (उघड्या फाइली दाखवणारी कमांड) लायब्ररीपुढे 'डीईएल' (डिस्कवरून काढलेली) दिसलं, तेव्हा कळलं की मेमरीत अजून जुनीच आहे. तेव्हापासून मी कमांडच्या उत्तरावर विसंबत नाही, चालू प्रोसेसचा मॅप्स (मेमरीत काय चढलंय त्याची यादी) बघतो. लायब्ररी बदलल्यावर एसएसएचडी (दुरून लॉगिन घेणारी सेवा) रीस्टार्ट करताना आधीचं सेशन सोडू नका, नव्या खिडकीतून लॉगिन होतंय का ते बघा.

सावली२
आले. माझं थोडं वेगळं. नवी ग्लिबसी नीट बसली, पण प्रोग्रॅम सुरू होताच "कर्नल टू ओल्ड". बिल्ड करताना किमान कर्नल (लिनक्सचा गाभा) ठरतो, आमचं मशीन त्याच्याही मागचं. हे आधी तपासा.

रात्रपाळी
बाळ झोपलं का परत? :)

सावली२
झोपलं एकदाचं.

उघडं_शेल
@बिल्डवाली ताई, मनापासून आभार. तिला तुमचा प्रतिसाद दाखवला. तिने त्याहून सोपं शोधलं : प्रोग्रॅमचा सोर्स आपल्याकडेच आहे, तर तोच सर्व्हरएवढ्या जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) कंपाइल केला. आता ऑब्जडंपमध्ये (प्रोग्रॅम काय मागतो ते दाखवणारी कमांड) बघितलं तर तो ग्लिबसी २.१७ च्या वरचं एकही सिंबल (फंक्शनचं नाव) मागत नाही. सर्व्हरवरच्या लिबसीला हातच लावावा लागला नाही.

बिल्डवाली
वा, शाब्बास! सोर्स हातात असेल तर हाच रस्ता. तिलाही लिहायला सांगा इथे.