खासदारांनी वीज, इंधन, इथेनॉलवर संसदेत काय केलं हे नक्की कुठं आणि कसं बघायचं?

पलूस_वाला

मंडळी जरा मदत पाहिजे. आमच्या गावातल्या वाचनालयात आम्ही पोरं अधूनमधून एक विषय घेऊन बसतो, ह्या वेळी ठरलंय की आपल्या भागातल्या खासदारांनी ऊर्जा सुरक्षेवर म्हणजे वीज, पेट्रोल-डिझेल, इथेनॉल, सोलर, अणुऊर्जा ह्या सगळ्यावर दिल्लीत काय काम केलं ते काढायचं. मतदान कसं केलं, भाषणं काय केली, प्रश्न कुठले विचारले. सांगलीचे विशाल पाटील 2024 ला अपक्ष निवडून आलेत त्यामुळं त्यांना कुठल्या पक्षाचा व्हिप (मत कसं द्यायचं ह्याचा आदेश) नाही, मग त्यांची मतं तर बघण्यासारखी असणार असं माझं म्हणणं. शेजारी साताऱ्याचे उदयनराजे भाजपचे, तर दोघांचं शेजारी शेजारी ठेवून बघूया असं एकानं सुचवलं.

आता अडचण अशी की संसदेच्या साईटवर प्रश्न सापडतात, डिबेट पण सापडतात, पण कुठल्या विधेयकावर कुणी काय मत दिलं ते मला कुठंच दिसेना. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नुसते आकडे फिरतात, अमक्यानं इतके प्रश्न विचारले आणि तमक्यानं तितके, त्यावरनं गावात भांडणं. मला आकडा नकोय, आमच्या रानात मोटर रात्री का चालू करायला लागती आणि ह्यात खासदार काय करू शकतो हे पोरांना समजलं पाहिजे. कुणाला माहिती असेल तर जरा नीट सांगा, घाई नाही.

कृष्णाकाठ

दादा चांगला विषय घेतलाय. मतदान तुम्हाला सापडत नाही कारण बहुतेक वेळा ते नोंदवलेलंच नसतं. लोकसभेत अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, आणि अध्यक्ष जाहीर करतात की मंजूर. आवाजी मतदान. नावानिशी मत पाहिजे असेल तर कुणीतरी उठून मतविभाजन मागावं लागतं, त्यातही अध्यक्षांना वाटलं की उगाच मागितलंय तर ते सदस्यांना नुसतं जागेवर उभं राहायला सांगून मोजू शकतात, तशा वेळी नावं लिहिली जात नाहीत, हे नियमातच आहे.

आता ऊर्जेवरची अलीकडची विधेयकं बघा. तेलक्षेत्रांच्या कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत 12 मार्च 2025 ला झाली, आवाजी. अणुऊर्जेत खासगी कंपन्यांना दार उघडणारं शांती विधेयक 17 डिसेंबर 2025 ला झालं, आवाजी, आणि विरोधकांनी सभात्याग केला. म्हणजे 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा नुकसानभरपाईचा कायदा दोन्ही बाजूला सारून नवा कायदा आला, आपल्या शेजारी रत्नागिरीत जैतापूरला 9,900 मेगावॅटचा प्रकल्प इतकी वर्षं कागदावर आहे, एवढा जवळचा विषय, पण आपल्या खासदारानं त्यावर कुठलं बटण दाबलं हे विचारायचं म्हटलं तर बटणच दाबलेलं नाही. मला हे मनापासून खटकतं. वक्फच्या विधेयकाला 2025 च्या एप्रिलमध्ये 288 विरुद्ध 232 अशी नोंद झाली, नावं सगळी आहेत, मग देशाच्या विजेला आणि तेलाला का नको?

वीज कायद्यातली 2022 ची दुरुस्ती तर मतदानापर्यंत गेलीच नाही, 8 ऑगस्ट 2022 ला मांडली, त्याच दिवशी स्थायी समितीकडं पाठवायचं ठरलं आणि 2024 ला लोकसभेची मुदत संपली तशी ती पण संपली. ऊर्जेच्या विषयावरनं नावानिशी मोठं मतदान म्हणाल तर 22 जुलै 2008 चं, अमेरिकेसोबतच्या अणुकरारावरनं डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हाचा विश्वासदर्शक ठराव, 275 विरुद्ध 256. ते पोरांना नक्की दाखवा.

व्हिपचं तुमचं बरोबर आहे, अपक्षाला व्हिप लागत नाही, उलट निवडून आल्यावर तो पक्षात गेला तर त्याची खासदारकी जाते, राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी. पण एक गोष्ट तुलना करताना धरा, बोलायला वेळ पक्षाच्या संख्येवर वाटला जातो, त्यात अपक्षाच्या वाट्याला चार-दोन मिनिटं आली तरी पुष्कळ. त्यामुळं भाषणं मोजून तुलना केली तर कुणावर तरी अन्याय होणार.

मिरज_ताई

मला थोडं वेगळं सांगायचंय. मतं नाहीत म्हणून नाराज होऊ नका, प्रश्न हाच खरा माल आहे, फक्त वाचायची सवय पाहिजे. मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवते त्यामुळं ही उत्तरं सारखी वाचनात असतात.

लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. तारांकित म्हणजे मंत्री सभागृहात उभा राहून उत्तर देणार आणि खासदाराला पुढचा पूरक प्रश्न विचारता येणार, पण त्या तासाभरात थोडेच प्रश्न पुकारले जातात, उरलेल्यांचं उत्तर लेखीच मिळतं. आणि कुणाचा प्रश्न तारांकितमध्ये लागणार हे सोडतीवर, तो काही खासदाराचा पराक्रम नाही. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं आणि खरं सांगू का, माहिती तिथंच जास्त असते.

आता एखादं उत्तर उघडा. वर प्रश्नाचे भाग असतात (क), (ख), (ग), (घ). खाली उत्तर कसं दिलंय ते बघा. प्रत्येक भागाला वेगळं उत्तर असेल तर मंत्रालयानं नीट उत्तर दिलंय. पण '(क) ते (घ)' असं एकत्र करून दोन पानं योजनेची माहिती दिली असेल तर समजा की ज्या भागात नेमकं बोट ठेवलं होतं तोच भाग त्यात विरघळलाय. समजा खासदारानं (ग) मध्ये विचारलं की सांगली जिल्ह्यात कुसुमचे (केंद्राची शेतीच्या सोलर पंपांची योजना) किती पंप मंजूर आणि किती खरोखर बसले, आणि जोडलेल्या तक्त्यात फक्त राज्यवार आकडे, महाराष्ट्राची एक ओळ. तर उत्तर मिळालंच नाही. मग बघायचं की त्याच खासदारानं पुढच्या अधिवेशनात तोच धागा धरून परत विचारलं का. इथं खासदार कळतो! एकच विषय पाठोपाठ लावून धरणारा आणि पेपरात आलेल्या बातमीवर एकेक प्रश्न टाकणारा, दोघांचा आकडा सारखा असू शकतो.

आणखी एक. मंत्र्यानं 'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं आणि त्यावर लक्ष ठेवायला वेगळी समिती आहे. असलं उत्तर सापडलं तर त्याचं पुढं काय झालं ते जरूर शोधा.

पाटण_खोरं

ताईंशी सहमत, पण एक सांगतो, अर्धे प्रश्न चुकीच्या दारात जातात. रात्रीच्या लाईटीचा प्रश्न तुम्ही खासदाराला विचारताय, वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयात आहे हे खरं, पण वाटप महावितरणचं आणि महावितरण राज्याची. संसदेच्या नियमात आहे की जो विषय मुळात भारत सरकारचा नाही त्यावर प्रश्न घेत नाहीत. त्यामुळं रात्रीची मोटर, डीपी जळाला, नवीन कनेक्शन हे आमदाराला धरा, विधानसभेत तारांकित प्रश्न नाहीतर लक्षवेधी सूचना. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलाचं पण तसंच, 81 टक्के सरकार आणि 19 टक्के शेतकरी हा हिशोब राज्याचा. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला मोफत वीज, एप्रिल 2024 पासनं, तीही राज्याचीच.

पण त्याच विषयाचा एक धागा दिल्लीला जातो. दिवसा लाईट द्यायची तर फीडर (शेतीला वीज नेणाऱ्या लाईनी) सोलरवर घ्यावे लागणार, त्यात कुसुमचा पैसा केंद्राचा. म्हैसाळ योजनेला सोलरवर न्यायचं चाललंय ते जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातनं, परदेशी कर्ज म्हटलं की केंद्राचा हात लागतोच. म्हणजे खासदाराला विचारायचं काय, तर हे.

आमच्याकडचं सांगतो. कोयनेची वीज 1,960 मेगावॅट, धरण 105 टीएमसीचं, त्यातलं पश्चिमेला वीजनिर्मितीला सोडायची मर्यादा साडेसदुसष्ट टीएमसी. उन्हाळा आला की एका बाजूला संध्याकाळी राज्यात विजेची मागणी चढते तेव्हा पोफळीच्या, म्हणजे कोयनेच्या पश्चिमेकडच्या वीजघरातली यंत्रं लागतात आणि दुसऱ्या बाजूला खाली सांगलीच्या उपसा योजनांना पाणी लागतं. एकच पाणी आहे ओ. पश्चिमेला सोडलं की ते वीज करून कोकणात उतरतं, परत येत नाही. पूर्वेला सोडलं तर पायथ्याच्या वीजघरातनं थोडी वीज होते आणि नदीतनं शेतीला मिळतं. ऊर्जा सुरक्षा म्हणजे काय हे पोरांना शिकवायला दिल्लीतलं उदाहरण कशाला पाहिजे, हे घ्या. ज्या गावांनी ह्या धरणाला घरदार दिलं त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून निघतात, तेवढंही त्यात सांगा.

आणि पवनचक्क्या. आमच्या साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर जुनी छोटी यंत्रं उभी आहेत. वारा तोच, पण नवीन एक यंत्र जुन्या कितीतरी यंत्रांइतकी वीज काढतं. केंद्रानं डिसेंबर 2023 मध्ये धोरण काढलंय, 2 मेगावॅटच्या आतली यंत्रं बदलून मोठी बसवायचं. सातारा आणि सांगली दोन्हीकडं असली यंत्रं आहेत, सांगलीकडं ढालगाव, गुढे-पाचगणीला. ह्यावर आपल्या दोन्ही खासदारांनी मिळून विचारायला हरकत काय?

ऊसवाला_कराड

इथेनॉल राहिलं की! आपल्या भागात ऊर्जा सुरक्षा म्हणजे पहिली ती. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांच्या वर बाहेरनं येतं, म्हणून पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट 2030 वरनं अलीकडं ओढलं, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, आणि 7 डिसेंबर 2023 ला हंगाम चालू असताना आदेश आला की उसाच्या रसापासनं इथेनॉल करायचं नाही. आठवड्याभरात 17 लाख टन साखरेपर्यंतची सूट दिली, पण गाळपाचं, साठवणीचं, बँकेच्या हप्त्याचं सगळं नियोजन विस्कटलं. ऑगस्ट 2024 ला बंदी उठली. ती बंदी साखर कमी पडू नये म्हणून होती हे मला मान्य आहे, पाऊस कमी होता. पण ज्याच्या जोरावर तुम्ही तेलाची आयात कमी करणार त्याला एका रात्रीत थांबवता येतं हे काय सुरक्षेचं लक्षण नाही.

भावाचं बघा. रसाच्या इथेनॉलला लिटरला 65.61 रुपये आणि बी हेवी मळीच्या इथेनॉलला 60.73 रुपये हा दर 2022-23 च्या हंगामाचा, 2024-25 च्या हंगामालाही तोच, फक्त सी हेवी मळीच्या इथेनॉलला थोडा वाढवला. तेवढ्याच काळात एफआरपी (उसाला द्यायचा केंद्रानं ठरवलेला किमान दर) टनाला 3,050 रुपयांवरनं 3,400 झाली, 2025-26 ला 3,550. शेतकऱ्याला मिळायलाच पाहिजे, पण कारखाना मधल्या मध्ये कुठनं देणार? हा प्रश्न संसदेत कुणी कसा विचारला ते शोधा, आणि कुठल्या खात्याला विचारला तेही बघा. इथेनॉलची खरेदी पेट्रोलियमकडं, साखर वळवायची परवानगी अन्न खात्याकडं, कारखाना सहकारी असला तर सहकार मंत्रालय. चुकीच्या खात्याला प्रश्न गेला की उत्तर गुळमुळीत.

संसदेच्या खात्यांवरच्या स्थायी समित्या विसरू नका. 2024 ला नेमल्या तेव्हा ऊर्जा समितीचे अध्यक्ष मावळचे श्रीरंग बारणे आणि पेट्रोलियमचे रायगडचे सुनील तटकरे, दोघंही आपल्या राज्यातले. समितीत कोण बैठकीला हजर होतं हे अहवालाच्या मागं जोडलेल्या इतिवृत्तात असतं.

पलूस_वाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. दोघांची तुलना बाजूला ठेवतोय. पोरांना दोन-तीन उत्तरं छापून देणार आणि कुठला भाग विरघळला ते शोधायला लावणार. आणि आम्हीच एक प्रश्न तयार करून खासदारांच्या ऑफिसला द्यायचा विचार आहे. असा लिहिलाय, 'सांगली जिल्ह्यातल्या पवनचक्क्या जुन्या झाल्या असून शेतकऱ्यांचे नुकसान होत आहे, तरी सरकार काय करणार?' चालेल का?

मिरज_ताई

असा दिला तर उत्तर येणार 'सरकार योग्य ती पावलं उचलत आहे'. मत आणि तक्रार काढून टाका, आकडा निघेल असं विचारा. (क) 2023 च्या धोरणाखाली महाराष्ट्रातनं किती प्रस्ताव आले, जिल्हावार, (ख) त्यातले किती मंजूर आणि किती प्रलंबित, प्रलंबित असतील तर कारण, (ग) सातारा आणि सांगलीत 2 मेगावॅटच्या आतली किती यंत्रं नोंदलेली आहेत, (घ) ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी भाड्यानं घेतल्यात त्यांचे करार नव्या यंत्राला लागू राहणार का. 150 शब्दांत बसलं पाहिजे आणि विजेच्या नाही तर नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या नावानं.

कृष्णाकाठ

आणि वेळ सांभाळा दादा. खासदाराला पूर्ण 15 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, त्यामुळं अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात ऑफिसात नेऊन द्या, पोच घ्या. साताऱ्यातल्या पोरांनी तोच मसुदा त्यांच्या खासदारांकडं दिला तर आणखी बरं, पाटणवाले तुम्ही बघता का ते?

पाटण_खोरं

देतो की. मसुदा पक्का झाला की इथंच टाका, आमच्या पठारावरच्या गावातल्या लोकांच्या सह्या घेऊन तुमच्या बरोबरीनंच देऊ.