मदत हवी आहे : वडिलांच्या तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आता करावी की करोनाची साथ ओसरेपर्यंत थांबावे?

नमस्कार. आम्ही लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझे वडील ५९ वर्षांचे आहेत. तीसेक वर्षे त्यांनी चुना लावून मळलेली तंबाखू डाव्या गालफडात धरली, आणि मार्च २०२० मध्ये नेमक्या त्याच जागी, खालच्या दाढांना लागून, न भरणारी जखम दिसली. दातांच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितले. पण चारच दिवसांत टाळेबंदी लागली आणि ती तपासणी मे महिन्यात झाली. अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग, आला. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली होती ते करोना रुग्णांसाठी राखीव झाल्याने तारीख दोनदा पुढे गेली. आता जुलै संपत आला आहे. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही आणि सीटी स्कॅनमध्ये जबड्याचे हाड पोखरले गेल्याचे दिसते.

पुण्यातील एक शल्यविशारद पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करायला तयार आहेत. गालाचा आतला भाग, जबड्याचा तुकडा आणि मानेतील डाव्या बाजूच्या गाठी काढाव्या लागतील, आणि ती पोकळी छातीवरचा स्नायू त्वचेसह वर फिरवून भरतील, असे त्यांनी सांगितले. हातावरची त्वचा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचा पर्यायही असतो. परंतु त्याला बरेच तास जास्त लागतात, म्हणून सध्या ते छातीचा पर्याय सुचवतात. श्वासासाठी काही दिवस गळ्याला छिद्र पाडून नळी ठेवावी लागेल.

भावकीतील सगळे म्हणतात, ‘करोना संपू दे, मग बघू.’ वडीलही तेच म्हणतात. मात्र त्यांची खरी भीती वेगळी आहे, असे मला वाटते. वॉर्डात एकाच नातेवाइकाला राहता येईल, तोही बदलता येणार नाही. नळी असेपर्यंत त्यांना बोलता येणार नाही. आणि त्यांना सहीपुरतेच लिहिता येते. दुखते कुठे, तहान लागली का, हे ते सांगणार कसे? तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. थांबणे कितपत धोक्याचे आहे? आणि ज्यांच्या घरी असा लिहिता न येणारा रुग्ण होता, त्यांनी ते दिवस कसे काढले?

प्रतिसाद १
मी याच शाखेत काम करतो. वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे देतो. हाड पोखरले गेले असेल तर आजार पुढच्या टप्प्यातला आहे आणि साथ कधी ओसरेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून थांबणे धोक्याचे आहे. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या काही रुग्णांना मधल्या काळासाठी, आजार रोखून धरायला, दिल्या जातात. पण त्या शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी एकाही रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या आगेमागे करोनाची लागण झाली तर धोका फार वाढतो, म्हणून आरटी-पीसीआर चाचणी टाळू नका आणि तारखेपर्यंत वडिलांना घरातच वेगळे ठेवा. विषाणू नाका-घशात दाट असतो आणि गळ्याला छिद्र पाडताना तो हवेत उडतो. तेथील डॉक्टर-परिचारिका पूर्ण संरक्षक पोशाखात दिसतील, त्याने वडिलांनी घाबरू नये. पुढे किरणोपचार लागतीलच असे धरून चाला, आणि ते शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. त्याची जागा आत्ताच विचारून ठेवा.

प्रतिसाद २
ताई, माझ्या आईलाही लिहिता येत नव्हते. तिची शस्त्रक्रिया मे महिन्यात झाली. आम्ही आठ दिवस आधी घरीच खुणा ठरवल्या : छातीवर हात म्हणजे श्वास अडतोय, दोन बोटे ओठांना म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढायला बोलवा, मूठ म्हणजे दुखते. पाणी, लघवी, पंखा, परिचारिका यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवली. हाताशी एक छोटी घंटा ठेवली, कारण हाक मारता येत नाही हेच तिला सर्वांत जड जात होते. त्याच खुणा परिचारिकांनाही पहिल्या दिवशी दाखवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. शस्त्रक्रियेविषयी ते काही बोलले नाहीत. पण घंटेचे ऐकल्यावर उठून त्यांनी बैलाच्या गळ्यातला घुंगरू काढून आणला आणि हा चालेल का, असे विचारले. टाळेबंदीत जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पाससाठी आज अर्ज करत आहे. कफ ओढण्याचे यंत्र घरी आणावे लागले का, आणि ते भाड्याने मिळते का, हे कोणी सांगू शकेल का?