ओटो शिली यांनी पक्ष बदलला, की भूमिकाही?

जुनी_शाई : जर्मनीचे माजी गृहमंत्री ओटो शिली यांच्याविषयी ‘अतिरेक्यांचा वकील पुढे पोलिसांचा मंत्री झाला’ हे वाक्य इतके वापरले गेले आहे की त्यामागची कारकीर्द कोणी पाहतच नाही. माझ्या मते हा माणूस फारसा बदललाच नाही. 1972 मध्ये रेड आर्मी फॅक्शन या सशस्त्र डाव्या गटाच्या गुडरून एन्सलिन यांची चिठ्ठी तुरुंगाबाहेर नेल्याच्या संशयावरून त्यांना बचावाच्या कामातून दूर करण्यात आले, तेव्हा ते रस्त्यावर उतरले नाहीत, कार्ल्सरूए येथील घटनात्मक न्यायालयात गेले. वकिलाला असे काढण्यास कायद्यात आधारच नाही, असा निकाल 1973 मध्ये मिळाला. (संसदेने नंतर कायदा करून तो आधार निर्माण केला, ही गोष्ट वेगळी.) 1983 मध्ये ग्रीन पक्षाचे खासदार स्वेटर घालून, कुंड्या घेऊन संसदेत आले, त्यांच्यात शिली मात्र सूट-टायमध्ये होते. राज्यसंस्थेने स्वतःचेच नियम पाळावेत, हा त्यांचा आग्रह 1989 मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेल्यावरही कायम राहिला.

उलटतपासणी : आग्रह कायम राहिला असता तर आनंदच होता. श्टामहाइम तुरुंगाला लागून खास बांधलेल्या न्यायालयात एन्सलिन यांचा खटला चालू असताना, वकील आणि आरोपी यांचे तुरुंगातील संभाषण सरकारने चोरून ऐकल्याचे 1977 मध्ये उघड झाले, आणि शिली त्या खटल्यातून बाजूला झाले. हे ज्याने स्वतः सोसले त्याच माणसाने 11 सप्टेंबर 2001 नंतर गुप्तचर यंत्रणांना बँका, विमान कंपन्या आणि दूरसंचार कंपन्यांकडील माहिती मागवण्याचे अधिकार देणारे कायदे आणले. लोकांनी त्या कायद्यांना एका प्रसिद्ध टपाल-विक्री कंपनीच्या सूचीवरून ‘ओटो-कॅटलॉग’ म्हटले, ते उगाच नव्हे. अपहृत विमान पाडण्याची मुभा देणारा 2005 चा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला. तो फेब्रुवारी 2006 मध्ये रद्द झाला, कुठे, तर त्याच कार्ल्सरूएमध्ये. आणि तक्रारदारांमध्ये गेरहार्ट बाउम हे माजी गृहमंत्री आणि वकीलच होते.

माप_आणि_पदर : आपण दोघेही वकिली हा पंथ समजत आहात. अशिलाचा बचाव करणे म्हणजे त्याचे मत स्वीकारणे नव्हे, तसेच मंत्रिपद घेणे म्हणजे पूर्वीच्या अशिलांशी वैर धरणे नव्हे. शिवाय गृहमंत्री म्हणून त्यांनी केवळ कुलपेच लावली असेही नाही. वडील किंवा आई आठ वर्षे कायदेशीर वास्तव्य करून असल्यास परदेशी दांपत्याच्या जर्मनीत जन्मलेल्या अपत्याला जन्मतःच नागरिकत्व देणारी तरतूद 2000 पासून लागू झाली, ती त्यांच्याच खात्याने आणलेली.

उलटतपासणी : नागरिकत्वाचा मुद्दा मान्य. पण एनपीडी या अतिउजव्या पक्षावर बंदी घालण्याचा अर्ज आठवा. त्या पक्षाच्या नेतृत्वातच सरकारचे खबरे बसलेले निघाल्यामुळे 2003 मध्ये ते प्रकरण न्यायालयाने थांबवले. नियम पाळण्याचा आग्रह असलेल्या वकिलाच्या खात्याला हे अर्ज करण्यापूर्वी दिसायला नको होते काय?

जुनी_शाई : दिसायला हवे होते, तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही. एक गोष्ट मात्र मला त्या प्रकरणापेक्षाही अधिक खटकते. एनपीडीचे वकीलपत्र होर्स्ट माहलर यांच्याकडे होते. हे माहलर रेड आर्मी फॅक्शनच्या संस्थापकांपैकी एक, आणि सत्तरच्या दशकात आरोपीच्या पिंजऱ्यात असताना त्यांची बाजू मांडणाऱ्यांत शिलीही होते. भूमिका कोणी बदलली हे विचारायचे असेल, तर आधी त्या पिंजऱ्यातल्या माणसाला विचारावे, असे मला अजूनही वाटते.

उलटतपासणी : माहलर यांनी काय केले याचा जाब शिली यांनी द्यावा, असे मी म्हटलेच नाही. मी विचारतो ते 2005 च्या कायद्याबद्दल, आणि त्यावर शिली यांची सही होती, माहलर यांची नव्हे.