शब्दचर्चा : उद्देशिकेतली 'प्रतिष्ठा' नक्की कोणाची?

आडवाटेचा मास्तर
दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. २६ नोव्हेंबरसाठी, म्हणजे संविधान दिनासाठी, यंदा व्हरांड्याच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका लिहायचं ठरलं. पेंटर मोबाईलवर हिंदी मजकूर घेऊन आला. मी त्याला पाठ्यपुस्तकातला मराठी दिला. सहज दोन्ही शेजारी ठेवून वाचले आणि अडकलो.

हिंदीत आधी 'प्रतिष्ठा और अवसर की समता' आहे आणि पुढे 'व्यक्ति की गरिमा'.
मराठीत आधी 'दर्जाची व संधीची समानता' आहे आणि पुढे 'व्यक्तीची प्रतिष्ठा'.

म्हणजे हिंदीने दर्जासाठी वापरलेला शब्द आपण तिसरीकडेच लावलाय. एवढ्यावर भागलं असतं तर मी इथे आलोच नसतो. पण सातवीतली एक मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली, "गुरुजी, प्रतिष्ठित म्हंजे कार्यक्रमात पुढच्या खुर्च्यांवर बसतात ते ना? मग सगळ्यांची प्रतिष्ठा कशी आसंल?" मी म्हटलं, सोमवारी सांगतो. आज शुक्रवार.

तिरफळ
'गरिमा' लिहून मोकळे व्हा. पेपरात हल्ली 'पदाची गरिमा' सर्रास येतं. गुरु वरून गरिमा, म्हणजे वजन. प्रतिष्ठेला आपल्याकडे निवडणुकीचा वास येतो. प्रतिष्ठेची लढत, प्रतिष्ठा पणाला, आणि शेवटी डिपॉझिट जप्त.

वेंगुर्ल्याची माई
गरिमावाल्यांनी आधी लिंग ठरवावं. महिमा हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. 'नामाचा महिमा' म्हणतो आपण. त्या न्यायाने 'व्यक्तीचा गरिमा' व्हायला हवा. एकदा मोठ्याने म्हणून बघा, दातात खडा आल्यासारखं होतं. शिवाय अणिमा, महिमा, गरिमा, लघिमा या योग्यांच्या सिद्धी. गरिमा म्हणजे मनात आलं की जड होता येणं. तिघांच्या बाकड्यावर चौथे येऊन बसतात त्यांना ती प्राप्त असते, पण ते अवांतर.

कोर्टकचेरी
भिंतीवर अधिकृत पाठच लिहायचा, मास्तर. आवडला नाही म्हणून शब्द बदलायची सोय नाही. हिंदी पाठाला १९८७च्या ५८व्या घटनादुरुस्तीचा आधार आहे, पण म्हणून मराठीने त्याची नक्कल करावी असं नाही. इंग्रजीत स्टेटस आणि डिग्निटी असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीने प्रतिष्ठेला पहिल्या कामावर लावलं, आपण दुसऱ्या. आपण निदान सातत्य तरी ठेवलंय. कलम ५१क मध्ये (नागरिकांची मूलभूत कर्तव्यं) स्त्रियांच्या संदर्भातही प्रतिष्ठाच आहे.

मी पोटासाठी निकालांचे अनुवाद करतो. कलम २१ मधल्या 'जीविता'चा अर्थ १९७८च्या मनेका गांधी खटल्यापासून रुंदावत गेला, आणि १९८१च्या फ्रान्सिस कोरॅली मुलिन निकालात न्यायालयाने सांगितलं की जगणं म्हणजे नुसतं जनावरासारखं तग धरणं नव्हे, माणसाची डिग्निटी त्यात आली. तिथे मी नेहमी 'मानवी प्रतिष्ठा' लिहितो. नुसतं 'प्रतिष्ठा' लिहिलं की पुढची खुर्ची आलीच. मुलीचं बरोबर आहे.

शुद्धमती
मूळ दुखणं 'दर्जा' हे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. अरबी शब्द! हक्क, दर्जा, सरनामा... संविधान आपलं आणि शब्द उसने. (उद्देशिकेला 'सरनामा' म्हणणारे अजून आहेत, त्यांना नमस्कार.) रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ याच मातीत उभी केली. दिनांक, महापौर आज तुमच्या जिभेवर बसलेच ना? हिंदीने 'प्रतिष्ठा और अवसर की समता' करून दाखवलं. समता दोन अक्षरांनी सुटसुटीतही आहे.

रापणवाला
समता तीन अक्षरी आहे हो.

शुद्धमती
'समानते'पेक्षा एका अक्षराने सुटसुटीत, असं म्हणायचं होतं. मुद्द्यावर या.

रापणवाला
येतो. 'दर्जा' काढू नका. अरबीत त्याचा मूळ अर्थ पायरी. जिन्याची असते ती. हे कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून बसलोच थोडा वेळ.

गुहागरच्या बाजूला आमचं आजोळ. तिथे खोतांचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांचं, घर होतं. अंगण, तीन पायऱ्या, पडवी, ओटी, मग माजघर. कोणी कुठवर यायचं हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असायचं. कोणी ओटीवर, कोणी पडवीत, कोणी अंगणातूनच हाक मारायची. आमचे आजोबा दुसऱ्या पायरीवर बसायचे. पंचा झटकायचे आणि बरोब्बर दुसऱ्या पायरीवर. खोती १९४९च्या कायद्याने गेली. आजोबा १९७० साली वारले, तोवर दुसऱ्याच पायरीवर बसले. 'पायरी ओळखून वाग' हा मला लहानपणी वाक्प्रचार वाटतच नसे. पत्ता वाटे.

आता 'दर्जाची समानता' वाचा. ज्याने कोणी हा शब्द निवडला त्याला अरबी येत होतं की नाही देव जाणे, पण शब्द नेमका लागलाय.

शुद्धमती
व्युत्पत्तीने अर्थ ठरत असता तर 'प्रतिष्ठा'सुद्धा निर्दोष आहे. प्रति अधिक स्था, घट्ट उभं राहणं. मग त्यात खुर्ची कुठून आली? बसण्याचा संबंधच नाही! सोयीची असेल तिथे व्युत्पत्ती आणि नसेल तिथे रूढी, असं चालणार नाही.

वेंगुर्ल्याची माई
हा मुद्दा मात्र मान्य.

खाडीपलीकडे
दोन दिवस वाचतोय, आता लिहितो. मंडणगड तालुक्यातला आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात.

आमच्या घरात गरिमा, प्रतिष्ठा, दर्जा यातलं काही कोणी म्हणत नसे. आजी म्हणायची, "माणसात धरीत नव्हते." बस. ती ज्या घरी भात झोडायला जायची तिथे चहा मिळायचा करवंटीत. करवंटी तिचीच, पडवीच्या वाशात खोचलेली. चहा झाला की स्वतः विसळून परत तिथेच खोचायची. एकदा पावसात ती पडून फुटली, तर चहा हातावर घ्यायला सांगितला. ओंजळीत गरम चहा कसा धरतात हे आजी आम्हांला करून दाखवायची. बोटं वाकडी करून. आम्ही हसायचो, तीही हसायची.

तर शब्द सांगायचाय तो 'माणुसकी'. चवदार तळ्याच्या काळात 'माणुसकीचे हक्क' म्हणत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर. म्हणून २० मार्च १९२७ला लोक चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर कोर्टकचेरी चालली ती उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागेपर्यंत. (कोर्टकचेरी म्हणजे खरीच, वरचे दादा नव्हेत.) १९२७च्याच डिसेंबरात परत जमले तेव्हा बाबासाहेबांच्या भाषणाचा रोखच असा होता की ते पाणी पिऊन कोणी अमर होणार नाही, आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला तिथे जायचंय. तिथे माणुसकी म्हणजे माणूस असणं. आज 'माणुसकी दाखवली' म्हटलं की कोणीतरी कोणावर दया केलेली असते. नव्वद-पंच्याण्णव वर्षांत शब्द घेणाऱ्याच्या हातातून देणाऱ्याच्या हातात गेला.

तिरफळ
बापरे. पूर आला की 'माणुसकीचे दर्शन' ठरलेलं असतं, खरंच. माझी गरिमा मी मागे घेतो.

वेंगुर्ल्याची माई
पाण्यावरून आठवलं. अब्रू हा फारसी आब आणि रू, म्हणजे चेहऱ्याचं पाणी. 'आब राखून बोलणे' त्यातलंच. माझं आपलं घरगुती मत आहे की पाण्यासाठी सत्याग्रह झाला त्यात अब्रू अक्षरशः आली. शुद्धमती रागावतील, पण 'अब्रुनुकसानी'ला त्यांच्याकडे शब्द नाही.

आणि भेदभावाला मराठीत एक अस्सल शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत कोणाला तूप धारेने, कोणाला थेंबाने. आमच्याकडे समाराधनेला बायकांची पंगत शेवटची, तोवर वाल संपलेले आणि सोलकढीत पाणी घातलेलं. ते 'डिस्क्रिमिनेशन' आहे हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. पंक्तिप्रपंच हे सातव्या वर्षी माहीत होतं. मास्तर, मुलीला हा शब्द द्या. जेवणातलं पोरांना लगेच कळतं.

कोर्टकचेरी
माई, शब्द सुंदर, पण त्यात सगळे एकाच पंगतीत बसलेत हे गृहीत आहे. कलम १५ दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट असं नाव घेऊन बोलतं ते पंगतीत बसूच न देण्याबद्दल. वाढण्याचा प्रश्न त्यानंतरचा. अब्रुनुकसानीला 'मानहानी' आहे, सरकारी कागदात दोन्ही चालतात.

वेंगुर्ल्याची माई
'मान' नको हो! शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात, पहिला नारळ कोणाचा, त्याला मान म्हणतात. मानकरी ठरलेले. रांगेने मिळतो तो मान. सगळ्यांना सारखा दिला तर त्या दिवशी गावात डोकी फुटतील.

रापणवाला
फुटतात.

खाडीपलीकडे
मानकऱ्यांच्या विरोधात बोललं की वाळीत. गावकीने टाकायचं आणि मग वाण्याकडे मीठ मिळायचं नाही. २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तरी 'वाळीत' हा शब्द आमच्याकडे अजून कोशातला झालेला नाही, चालू आहे.

तिरफळ
वाळीत हे वाळूवरून असेल का? बिघडलेली होडी ओढून वाळूत टाकतात तसं?

रापणवाला
होडी वाळूत दुरुस्तीला आणतात, टाकून द्यायला नाही. जमिनीवरच्या माणसाने दर्यातल्या व्युत्पत्त्या करू नयेत. वाळणे म्हणजे वगळणे असं जुन्या मराठीत आहे, तेच असणार.

शुद्धमती
शब्द बदलून काही होत नाही असा एकंदर सूर दिसतो. मग डिसेंबर २०२०मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारने घेतला तो काय उगाच? समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. तिथे तरी शुद्ध मराठी शब्दच कामाला आले.

खाडीपलीकडे
'नगर' बघून हसू येतं. अठ्ठावीस घरं आहेत आमची. आणि बदलायच्या नावांच्या त्या यादीत ब्राह्मणवाडा होता तसा बौद्धवाडाही होता. 'बौद्धवाडी' हे नाव आमच्या लोकांनी धर्मांतरानंतर आपणहून घेतलेलं. वडिलांनी पत्र्यावर स्वतः रंगवलं होतं. जे लादलं होतं ते पुसा की. जे निवडलं तेही त्याच ब्रशने पुसायचं? माझ्या बहिणीचं मत उलट आहे. तिला मुंबईत पत्ता सांगताना वाडीचं नाव आलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा, ती म्हणते समतानगर बरं. यावर आमच्याकडे गणपतीत दरवर्षी भांडण होतं. रिक्षावाले जुनंच नाव घेतात, ते वेगळंच.

शुद्धमती
तुमच्या भगिनींशी सहमत.

खाडीपलीकडे
ती तुमच्याशी नसेल. ती 'हक्क' म्हणते.

आडवाटेचा मास्तर
मंडळी, आभार. पेंटरने 'प्रतिष्ठा' लिहून टाकलंय, लाल ऑइलपेंटमध्ये, पुस्तकाबरहुकूम. भिंतीचा प्रश्न मिटला. पण उद्या सोमवार आहे. एका वाक्यात त्या मुलीला काय सांगू? पुढच्या खुर्च्यांचं तिने जे विचारलं ते. पंक्तिप्रपंच सांगणार आहेच, पण तो भेदभावाला झाला, प्रतिष्ठेला नव्हे.

तिरफळ
खाडीपलीकडे, एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे करवंटीच म्हणतात? आमच्याकडे मालवणला करटी.

वेंगुर्ल्याची माई
करटीच. आणि घाटावर नरोटी. पण माझी सासू खोबरं आत असेल तर वाटी आणि काढलं की करटी असा फरक करायची. हा कोणी ऐकलाय का?

रापणवाला
वाटी फोडल्या नारळाच्या अर्ध्याला. करवंटी खोबरं काढल्यावरच. तो फरक सगळीकडे आहे, माई.

वेंगुर्ल्याची माई
सगळीकडे नाही. देवगडात विचारा.