आयएसएलमध्ये ईस्ट बंगाल बागानकडून इतकं का हरतं?

वास्कोकर
इंडियन सुपर लीग (आयएसएल), २०२०-२१ ते २०२४-२५. कोलकात्याच्या या दोन फुटबॉल क्लबांच्या आपसातल्या दहा लढती, म्हणजे डर्बी. त्यात ईस्ट बंगालच्या नऊ हार आणि एक बरोबरी. गोल २३ विरुद्ध ५. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलमध्ये याच ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० ने लोळवलं होतं, म्हणून ही दशा बघवत नाही.

माझ्या मते खेळाडूंपेक्षा कारभाऱ्यांचा दोष मोठा. २०२० मध्ये लीगमधला प्रवेश पक्का झाला सप्टेंबरच्या शेवटी, प्रशिक्षक रॉबी फाउलर आला ऑक्टोबरमध्ये आणि २७ नोव्हेंबरला पहिलाच सामना बागानशी. समोर आदल्या वर्षीच्या विजेत्या आणि आता बागानशी एक झालेल्या एटीकेचा प्रशिक्षक हबास आणि स्ट्रायकर रॉय कृष्णा. ०-२. २०२२ मध्ये नव्या गुंतवणूकदाराशी करार झाला तोच ऑगस्टमध्ये. तोवर चांगले भारतीय खेळाडू शिल्लक राहतात का?

पेठेतला लेफ्ट बॅक
नाही पटलं. उशिराची सबब २०२३-२४ ला लागू होत नाही. प्रशिक्षक क्वाद्रात वेळेवर आले, जानेवारीत सुपर कप जिंकला, त्यात बागानला ३-१ ने हरवलं. मग मार्चमध्ये लीगमध्ये १-३ कसं? आपल्या क्लेटनची पेनल्टी बागानचा गोलकीपर विशाल कैथने अडवली आणि मध्यांतराच्या आत तीन गोल खाल्ले!

नोव्हेंबर २०२१ आठवा. गोव्यात टिळक मैदानावर पहिल्या २३ मिनिटांत तीन गोल खाल्ले. पुढच्या जानेवारीत फातोर्ड्याला १-० ने पुढे होते, तर बागानकडून बदली म्हणून आलेल्या कियान नासिरीने हॅट्ट्रिक केली, त्यातले दोन गोल ९० मिनिटं उलटल्यावर. (त्याचे वडील जमशिद ईस्ट बंगालकडून खेळलेले, ते तर जास्तच लागलं.) एक धक्का बसला की बचावफळी विस्कटते. हे करारांमुळे होत नाही, मन कच्चं पडतं.

सॉल्ट लेक ते सांगली
+१. डर्बीचं दडपणच वेगळं असतं.

वास्कोकर
दडपण कोणाचं? पहिल्या चार डर्बी गोव्यात झाल्या, कोविडमुळे रिकाम्या गॅलरीसमोर.

आणि सुपर कपच्या वेळी बागानचे बरेच भारतीय खेळाडू आशिया कपसाठी कतारला होते. यातच उत्तर आहे. २०२१-२२ पासून मैदानात एका वेळी चारच परदेशी चालतात, सात जण भारतीय लागतात. शुभाशिष बोस, मनवीर, लिस्टन हे बागानकडे वर्षानुवर्षं टिकले. ईस्ट बंगालमध्ये दर हंगामाला चेहरे बदलतात. ओळख नसलेली बचावफळी विस्कटणारच, लेफ्ट बॅक, तुम्ही तर मागेच खेळता!

पेठेतला लेफ्ट बॅक
मागे खेळतो म्हणूनच सांगतोय. ओळख महत्त्वाची आहे, मान्य. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ड्युरंड कपच्या गटसामन्यात नंदकुमारच्या गोलवर बागानला हरवलं, तेव्हा कुठला आशिया कप होता? त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये बागानच्या अनिरुद्ध थापाला लाल कार्ड मिळालं. अकरा विरुद्ध दहा. तरी पेत्रातोसने गोल केला आणि ईस्ट बंगाल ०-१ ने हरलं. संघ तोच, प्रशिक्षक तोच, महिनाभरापूर्वी जिंकलेले. ही हार कुठल्या कारभाऱ्याच्या माथी मारणार?