प्रिन्स ऑफ पर्शिया: तुमचा भाग कोणता आणि कुठल्या जागेसाठी?

डॉसवाला (धागाकर्ता)

प्रिन्स ऑफ पर्शिया या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेचा विषय निघाला की लगेच क्रमवारी सुरू होते. पहिला हा, दुसरा तो, अमका भाग टाकाऊ. इथे क्रमवारी नको. एकच भाग घ्या आणि ज्या एका जागेमुळे तुम्ही त्याच्या बाजूने भांडाल ती जागा नीट सांगा. शेवट उघड होतील, त्यामुळे ज्यांचं खेळायचं राहिलंय त्यांनी जपून वाचावं.

माझं मत आधी मांडतो. माझा भाग १९८९चा मूळ गेम, आणि तो सावलीसाठी. जॉर्डन मेकनरने हा गेम अ‍ॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर जवळपास एकट्याने बनवला. भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राची चाल उभी केली. म्हणून तो पळता पळता एकदम थांबत नाही, घसरत थांबतो. कठड्यावरून वर येताना त्याचं वजन जाणवतं. आपल्याकडे बहुतेकांनी पाहिली ती जुन्या पीसीवरची १९९०ची डॉस आवृत्ती, पण चाल तीच.

सावलीचं मूळ मात्र अडचणीत आहे. मशीनची मेमरी संपत आली होती, शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं जराशी सरकवून, रंग उलटवून त्याचा प्रतिस्पर्धी तयार झाला. चौथ्या लेव्हलला वाट अडवून आरसा उभा असतो. धावत येऊन त्यातून उडी मारायची. आपण एका बाजूला, प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला पळून जातं आणि जीव (तो पडद्यावर त्रिकोणांत मोजतात) उरतो एक त्रिकोण. पाचव्यात तोच सावळा गडी आपल्या डोळ्यांदेखत जीव वाढवणारी मोठी बाटली पिऊन टाकतो. सहाव्याच्या शेवटी आपण उडी घेतो तेव्हा तो पुढे होऊन बटणावर पाय ठेवतो, दार पडतं आणि आपण खाली.

एवढा राग साठल्यावर बाराव्यात तो तलवार घेऊन समोर येतो. त्याला वार केला की आपलाच त्रिकोण जातो. त्याला मारलं तर आपणही मेलो. उपाय काय, तर खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची. तोही करतो. मग सरळ त्याच्या अंगावर चालत जायचं, दोघं एक होतात. पुढे नुसती पोकळी असते, पाऊल टाकाल तशी पायाखाली फरशी येत जाते. पडद्यावर या सगळ्याची एक ओळही सूचना नाही. पूर्ण गेमसाठी दिलेलं साठ मिनिटांचं घड्याळ चालू असताना माणसाने हे स्वतः ओळखायचं. त्यानंतरच्या कुठल्याही भागात मला इतकं मोठं काही सापडलेलं नाही.

कृष्णाकाठ

आमच्या सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तास संपला की सर गेम लावू द्यायचे. कीबोर्ड मुलांच्या ताब्यात आणि आम्ही मुली मागे उभ्या. पण दोन फरशांमधली सैल फरशी कोणती, काटे कुठून येणार, शिफ्ट दाबून किती पावलं जपून टाकायची, हे सगळं आम्हाला पाठ, कारण आम्ही पूर्ण स्क्रीन बघत असायचो. पहिली लेव्हल झाली की अक्षरांच्या बाटल्यांची खोली यायची. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर ओळखून ती बाटली प्यायची. फ्लॉपी हातोहात आलेली, मॅन्युअल कुठलं असणार! कुठल्या पान-ओळीला कुठलं अक्षर चालतं, याची यादी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर होती आणि त्या यादीमुळे मला पुढे बसायला मिळालं.

माझा भाग मात्र दुसरा, १९९३चा शॅडो अँड द फ्लेम. त्याचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिल्या भागातला दुष्ट वजीर जाफर राजपुत्राचं रूप घेऊन सिंहासनावर बसतो, खरा राजपुत्र फाटक्या कपड्यांत, दरबारात कुणी ओळखत नाही. पहिल्याच क्षणी खिडकीतून उडी, छपरावरून पळापळ, मागे पहारेकरी, आणि बंदरातून सुटणाऱ्या जहाजावर झेप. मूळ गेममध्ये तळघर आणि महाल एवढंच जग होतं. इथे बेट, सांगाड्यांच्या गुहा, उडता गालिचा, पडझड झालेलं शहर, हवेत तरंगणारी मुंडकी. वेळ ७५ मिनिटं.

आणि डॉसवाला, तुमच्या सावलीचं पुढचं पाऊलही इथेच आहे. शेवटाकडे राजपुत्राला वारंवार उलटसुलट वळवलं की सावली त्याच्या देहातून बाहेर पडते, आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. आधी सावली आपल्यावर लादली गेली होती, आता आपण ती मुद्दाम बाहेर काढतो. हे सुचायला पहिला गेम बनवलेलाच माणूस लागतो.

रात्रपाळी

दोघांचंही पटतं, पण माझ्या मते मालिकेचा गाभा वेळ आहे. साठ मिनिटं, पंच्याहत्तर मिनिटं, आणि मग २००३चा सँड्स ऑफ टाइम, जिथे पहिल्यांदा वेळ आपल्या हातात येते. युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने बनवला, कथा मेकनरची. राजपुत्राच्या जादूच्या खंजिरात वाळू असेल तोवर पडलेली उडी मागे फिरवता येते. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी पंखा बंद झाला तरी आम्ही मशीनसमोरून हललो नव्हतो, ते या एका बटणासाठी.

जागा विचारलीत म्हणून सांगतो. वाळू संपली असताना राजपुत्र पडला, तर गेम हरलात असं म्हणत नाही. राजपुत्राचाच आवाज येतो: नाही, नाही, असं नव्हतं झालं, पुन्हा सांगतो. कारण पूर्ण खेळ म्हणजे तो कुणाला तरी सांगत असलेली गोष्ट आहे. कुणाला, ते शेवटी कळतं. फराहला. ती भारतातल्या महाराजांची मुलगी. सुरुवातीला राजपुत्र आणि त्याचा बाप शारामन ज्या महालावर तुटून पडतात तो तिच्या बापाचा, आणि ज्या वाळूच्या घड्याळापायी सगळा अनर्थ होतो ते तिथूनच लुटलेलं. नायकाच्या हातात खंजीर आला तो दरोड्यातून, हे गेम कुठेच लपवत नाही. फराह त्याच्याशी भांडते, त्याच्यावर अविश्वास दाखवते, भिंतीच्या फटीतून पलीकडे जाऊन दार उघडते, बाण मारते. वेळ मागे फिरल्यावर हे सगळं तिच्या लेखी घडलेलंच नसतं. तिने फक्त त्यालाच सांगितलेला लहानपणचा एक गुप्त शब्द तो जाताना उच्चारतो आणि गॅलरीतून निघून जातो. तिचा चेहरा बघा त्या वेळी.

मारामाऱ्या लांबतात हे मान्य. मनोऱ्यातल्या लिफ्टमधली लढाई तर फारच. पण दोन लढायांच्या मधला भाग, भिंतीवरून पळणं, खांबावरून खांबावर जाणं, खोलीत शिरताच वाट डोळ्यांनी जुळवणं, ते आजही कुणी यापेक्षा सुंदर केलेलं मी पाहिलं नाही.

बोरीबंदर

आता शिव्या खायच्या तयारीने लिहितो: वॉरियर विदिन, २००४. सगळे म्हणतात राजपुत्र उगाच चिडका केला, रक्त वाढवलं, गिटार वाजवल्या. मेकनरनेही उघड सांगितलं की त्याला त्यातली मांडणी आणि हिंसा आवडली नव्हती. तरीही.

दहाका! सात वर्षं राजपुत्राच्या मागावर असलेला काळाचा रखवालदार. तो जवळ आला की रंग उडतात, संगीत बदलतं, आणि विचार करायला सवड नसते. वाट पाठ नसली तरी पाय उचलायचे. मागून काळे हात येतात. पाण्याचा पडदा ओलांडला की तो थांबतो, आणि तेव्हा कळतं की आपण इतका वेळ श्वास रोखून धरला होता. आमच्या होस्टेलवर एकजण खेळायचा आणि बाकीचे मागून ओरडायचे, डावीकडे, डावीकडे!

पण माझी जागा तीही नाही. खेळाच्या सुरुवातीपासून एक काळपट आकृती अधूनमधून दिसत राहते. एकदा तर दहाका आपल्याला सोडून तिलाच ओढून नेतो. आपल्याला वाटतं शत्रू असेल. पुढे राजपुत्र मुखवटा घालतो, त्याचं वाळूच्या भुतात रूपांतर होतं, आणि तेच प्रसंग पुन्हा, या वेळी पलीकडच्या बाजूने. ती आकृती आपणच होतो. आता दहाका त्या ठिकाणी येणार हे ठाऊक आहे, आणि या खेपेला दुसऱ्याला त्याच्या तोंडी द्यायचं आहे. डॉसवाला म्हणतात तो आरसा इथे पूर्ण बेटाएवढा झालाय. त्यातच जीव वाढवणारी नऊच्या नऊ ठिकाणं शोधली तर पाण्याची तलवार मिळते आणि शेवटच बदलतो. पुढचा भाग त्याच शेवटावर सुरू होतो.

डॉसवाला (धागाकर्ता)

बोरीबंदर, शिव्या कशाला, हे वाचून मी तो भाग पुन्हा काढणार आहे. तुमच्या मुद्द्याला जोडून २००५च्या टू थ्रोन्सबद्दल लिहितो. बाबिलोन जळतंय, राजपुत्राच्या हाताला साखळीची पात चिकटलीय आणि डोक्यात दुसरा, क्रूर राजपुत्र बोलत राहतो. शेवटी गाठ पडते ती त्याच्याच मनात. कितीही वार करा, तो संपत नाही. फराहची हाक ऐकून त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. सोळा वर्षांनी पुन्हा तेच: तलवार खाली ठेवल्याशिवाय सुटका नाही. त्या भागातली रथांची शर्यत मला नकोशी होते, पण या एका प्रसंगासाठी तिन्ही भाग सलग खेळावेत असं मी सांगेन.

तिसरी घंटा

२००८चा. होय, तोच, ज्यात मरताच येत नाही. मनगटाच्या दुखण्यामुळे माझी बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत आणि चुकलेल्या उडीसाठी तीच खोली पुन्हा पुन्हा करायचा उत्साह उरलेला नाही. इथे पडलं की सोबतीण एलिकाचा हात येतो आणि ती मागच्या भक्कम जमिनीवर आणून सोडते. लोक म्हणाले, गेम सोपा करून टाकला. मला विचाराल तर सँड्स ऑफ टाइममध्ये खंजीर जे करायचा तेच इथे माणूस करतं. फरक एवढाच की खंजिराचे उपकार वाटत नव्हते.

आणि हे उपकारच शेवटी गळ्याशी येतात. अंधाराचा देव अहरिमानला पुन्हा कोंडण्यासाठी एलिका जीव देते. श्रेयनामावली सुरू होते, पण खेळ थांबलेला नसतो. तिला उचलून बाहेर आणायचं, मग एकेक झाड तोडायचं, म्हणजे जे कमावलं ते सगळं स्वतःच्या हाताने मोडायचं, अंधाराला मोकळं करायचं, आणि ती जागी होते. तिने हे मागितलेलं नाही. मशीन बंद केलं तर जग वाचतं. मी बंद केलं नाही, आणि अजूनही करणार नाही.

रात्रपाळी

तिसरी घंटा, शेवटाबद्दल पूर्ण सहमत. पण पडण्याची भीती गेली की उडीतली मजा जाते, हे माझं म्हणणं कायम. सँड्समध्ये वाळू संपू शकते. एलिका कधी संपत नाही.

साळ नदी

मडगावहून. मी या गप्पांत धाकटा, माझी सुरुवातच २०२४च्या लॉस्ट क्राउनपासून. नायक राजपुत्र नाही, सारगोन नावाचा योद्धा. फारसी पुराणकथांतला काफ पर्वत, सिमुर्ग पक्षी, मोडकळीला आलेला काळ. फारसी संवाद लावून खेळा, दर्जाच वेगळा. नकाशा प्रचंड आहे, पण बंद दार दिसलं की तिथलं चित्र टिपून नकाशावर डकवता येतं, नवी शक्ती मिळाली की बरोबर तिथे परतायचं. ही साधी सोय आता मला सगळ्याच गेममध्ये हवीशी वाटते.

वरचं वाचून एक लक्षात आलं. सारगोनला एक शक्ती मिळते: एका जागी स्वतःची सावली ठेवायची, पुढे जायचं, आणि बटण दाबलं की तिथे परत. सापळा चुकवताना, उडीच्या मधोमध, लढताना, सगळीकडे. शिवाय वेगवेगळ्या काळातले दुसरे सारगोन भेटतात आणि त्यांच्याशी लढावं लागतं. मूळ गेम मी खेळलेला नाही, पण बनवणाऱ्यांनी तो मन लावून खेळलेला आहे हे उघड आहे. एवढं चांगलं काम केलेला चमू त्याच वर्षी विखुरला, हे मला अजून पचलेलं नाही.

कृष्णाकाठ

चमूचा विषय निघालाच आहे तर पुण्याबद्दलही लिहायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये सँड्स ऑफ टाइम नव्याने बनवण्याची घोषणा झाली तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. झलक आली आणि जगभरातून चित्रांवर टीका झाली. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवलं गेलं. झलक कच्ची होती, ते मीही म्हणते. पण फराहचा देश तो आपला, आणि तिची गोष्ट इथल्या लोकांच्या हातून घडणार होती, याचा मला झालेला आनंद खरा होता. ज्यांनी ती वर्षं त्यात घातली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

साळ नदी

मूळ गेम आजच्या लॅपटॉपवर कसा खेळायचा? जुनं मशीन नाही.

डॉसवाला (धागाकर्ता)

डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुनी आवृत्ती चालते. एसडीएलपॉप म्हणून चाहत्यांनी डॉस आवृत्ती उलगडून केलेली नवी बांधणीही आहे, तीच घ्या. मेकनरचा अ‍ॅपल टू चा मूळ कोडही २०१२ मध्ये सापडला. वडिलांच्या घरी कपाटात फ्लॉप्या पडून होत्या, त्यावरून तो वाचून काढून सगळ्यांसाठी खुला केला. (गेमचं संगीतही याच वडिलांचं.)

दोन गोष्टी सांगून ठेवतो. एसडीएलपॉपमध्ये कुठेही सेव्ह करता येतं, ते पहिल्यांदा वापरू नका. मूळ गेममध्ये तिसऱ्या लेव्हलपासून सेव्ह होतं आणि सेव्हबरोबर उरलेली मिनिटंही गोठतात. दहाव्या लेव्हलला चारच मिनिटं उरली असतील तर ती सेव्ह निरुपयोगी, मागे जाऊन वेळ वाचवूनच यावं लागतं. आणि तिसऱ्यातला सांगाडा तलवारीने मरत नाही, त्याला कडेपर्यंत रेटत न्या. बाराव्यापर्यंत पोचलात की इथे लिहा.